जर्मन शेफर्ड घरी आल्यावर तुमचं मत कुठे बदललं?

पाऊलवाट

नमस्कार मंडळी,

घरात जर्मन शेफर्ड आणायचा विचार बरेच दिवस चालू आहे. विचार जसजसा पुढे सरकतोय तसतसे माझे प्रश्न वाढतायत, म्हणून हा धागा.

माझ्या डोळ्यांसमोरचा शेफर्ड म्हणजे पोलिसाशेजारी ताठ बसलेला, कान टवकारलेला, हुकूम सुटला की झेपावणारा. शिवाय लहानपणी शेजारी एक होता, त्याला सगळे अल्सेशियन म्हणायचे. फाटकाजवळून कुणी गेलं की तो आतून असा काही अंगावर यायचा की आम्ही मुलं रस्त्याच्या पलीकडच्या कडेने जायचो. हा कुत्रा कशालाच घाबरत नाही आणि एकाच माणसाचं ऐकतो, एवढीच काय ती माझी समजूत.

घरात आम्ही दोघं, आठ वर्षांची मुलगी आणि काठी घेऊन चालणाऱ्या सासूबाई. नवऱ्याला राखणीला कुत्रा हवाय, मुलीला खेळायला सोबती हवाय आणि सासूबाईंना धास्ती वाटतेय की एवढं धूड पायात आलं तर त्या पडतील.

माहितीची पानं पुष्कळ वाचली. 'हुशार, निष्ठावान, धाडसी' हे सगळीकडे लिहिलेलं आहे. ज्यांनी प्रत्यक्ष पाळलाय त्यांच्याकडून ऐकायचंय. आणण्याआधी काय वाटत होतं आणि तो घरात वावरायला लागल्यावर काय वेगळं निघालं?

सदाफुली

पाऊलवाट, तुम्ही लिहिलंय की तो कशालाच घाबरत नाही. माझं मत सगळ्यात जास्त बदललं ते तिथेच, म्हणून तिथूनच सुरुवात करते. लांबेल, पण तुम्ही विचारलंयच तर नीट सांगते.

आमची रेवा दोन महिन्यांची असताना आली, आता चांगली पोक्त आहे. दिवसभरात ती सगळ्यात जास्त काय करते, तर लक्ष ठेवते. कोण कुठल्या खोलीत आहे, हे तिला झोपेतसुद्धा ठाऊक असतं. पसरायला जागा निवडते तीही अशी, की तिथून दोन्ही खोल्यांची दारं दिसली पाहिजेत. मी उठून स्वयंपाकघरात गेले की ती येते, परत आले की परत येते. न्हाणीघराच्या दाराशी बसून राहते. आम्ही सगळे मिळून फिरायला निघालो आणि कुणी एक मागे रेंगाळला किंवा वेगळ्या वाटेने वळला, तर तिचं चालणंच थांबतं. मान मागे वळवून कुईकुई करत राहते. तो माणूस येऊन मिळाला की सगळ्यांभोवती एक चक्कर मारते आणि मग पुढे निघते.

हे कुठून येतं ते कळल्यावर तिच्या निम्म्या वागण्याचा मला उलगडा झाला. ही जात मेंढपाळांची आहे. माक्स फॉन स्टेफानिट्झ या जर्मन घोडदळातल्या कॅप्टनने १८९९ मध्ये एका प्रदर्शनात पाहिलेला कुत्रा विकत घेतला, त्याचं नाव होरांड ठेवलं, त्याच वर्षी जातीची संघटना काढली आणि वंशनोंदवहीत पहिली नोंद या होरांडची केली. त्याला रूपापेक्षा काम करणारा कुत्रा हवा होता. आणि काम काय होतं, तर मेंढ्या चरायच्या त्या पट्ट्याला कुंपण नसायचं, बाजूला उभी शेतं असायची. कुत्र्याने त्या हद्दीवरून दिवसभर येरझारा घालायच्या आणि एकही मेंढी पिकात शिरू द्यायची नाही. कुंपण तोच. मेंढीला फाडणारा कुत्रा मेंढपाळाच्या काय कामाचा? पोलीस आणि लष्कर त्याच्या आयुष्यात नंतर आले.

म्हणून माझ्या लेखी हा कुत्रा पहिल्यांदा हद्द सांभाळणारा आहे आणि बाकी सगळं त्यानंतर. आपल्या कळपात कोण आहे, कोण नाही, काय जागच्या जागी आहे आणि काय हललंय, हे त्याला सतत टिपायचं असतं. ज्याला इतकं सगळं दिसतं त्याला खटकणाऱ्या गोष्टीही जास्त दिसतात. रेवा वर्षाची व्हायच्या आसपास होती तेव्हा तिला उघडी छत्री खटकायची, टोपी घातलेला उंच माणूस खटकायचा, वाऱ्याने फडफडणारी प्लास्टिकची पिशवी खटकायची. भुंकायची अशी की समोरचा माणूस दोन पावलं मागे जावा. बघणाऱ्याला वाटायचं, काय शूर कुत्री आहे! पण तिच्या अंगाकडे पाहिलं तर सगळा भार मागच्या पायांवर, शेपूट खाली, पाठीवरचे केस उभे, आणि दर दोन भुंकण्यांनंतर एक पाऊल मागे. ती घाबरलेली असायची आणि ती गोष्ट दूर जावी म्हणून ओरडायची. तुमच्या शेजारचा अल्सेशियन मी पाहिलेला नाही, पण फाटकाच्या आडून रोज तसं करणाऱ्या बऱ्याच कुत्र्यांचं हेच असतं. भुंकलं की माणूस निघून जातो. माणूस तसाही जाणारच असतो, पण कुत्र्याला वाटतं आपण घालवला. हे रोज घडतं आणि सवय पक्की होत जाते.

त्या काळात आम्ही ज्या ट्रेनरकडे जात होतो त्याने सांगितलं, तिला जमिनीवर उताणी पाडून धरून ठेवा, मालक कोण ते कळू दे. त्या दिवसापासून तिथे जाणं बंद केलं. जी आधीच घाबरलेली आहे तिला धरून दाबायचं, यातून ती काय शिकणार? छत्री दिसली की माझी माणसंसुद्धा अंगावर येतात, एवढंच. आम्ही अंतर वाढवलं. छत्री इतक्या लांबून दाखवायची की तिला ती दिसेल पण ती हातातला खाऊ अजून घेऊ शकेल. खाऊ घेणं थांबलं की आपण फार जवळ आलोय असं समजायचं आणि मागे फिरायचं. असं करत करत अंतर कमी झालं. आज ती छत्रीखालून माझ्याबरोबर चालते.

या जातीवर आवाज चढवून काही मिळत नाही, हे मी अगदी जीव तोडून सांगेन. घरात दोन माणसांची बाचाबाची झाली तरी रेवा मध्ये येऊन उभी राहते आणि धापा टाकायला लागते. इतकं हळवं जनावर आहे हे. बाहेरून बघणाऱ्याला याची कल्पना येत नाही.

पिल्लू असतानाच्या दिवसांविषयी थोडक्यात. चावतात, खूप चावतात. हात, घोटे, पायजम्याची टोकं, जे हलेल ते. साधारण चार महिन्यांपासून दात बदलायला लागतात आणि सात महिन्यांच्या आसपास सगळे पक्के दात आलेले असतात, तोवर हे चालतं. त्याच काळात कान एकदा उभे राहतात, पुन्हा पडतात, एक उभा एक आडवा असंही होतं. त्याची काळजी नको. काळजी करायची ती तिसऱ्या आठवड्यापासून चौदाव्या आठवड्यापर्यंतच्या काळाची. माणसं, आवाज, वाहनं, जमिनीचे प्रकार, सगळं याच वयात शांतपणे दाखवायचं असतं. लसी पूर्ण व्हायच्या आहेत म्हणून तो काळ चार भिंतींत घालवू नका. व्हेटला विचारा आणि कडेवर घेऊन बाहेर न्या. जमिनीवर न ठेवताही पिल्लाला जग दिसतं.

एकाच माणसाचं ऐकतो का? आमच्याकडे तरी नाही. रेवाचा जीव माझ्यात जास्त आहे हे खरं, पण खेळायला तिला माझा भाऊ लागतो आणि विजा कडाडल्या की ती थेट बाबांच्या पलंगाखाली जाते. प्रत्येकाशी तिचं वेगळं नातं आहे.

आणि केस! वर राठ, खाली मऊ असा दुहेरी कोट असतो. वर्षभर गळतो आणि वर्षातून साधारण दोनदा खालचा थर पुंजक्या-पुंजक्यांनी निघतो. रोज विंचरणं हाच उपाय. उकडत असेल म्हणून मशीन फिरवून भादरू नका. तो कोट ऊन अडवायलाही उपयोगी पडतो आणि भादरल्यावर पूर्वीसारखा येईलच असं नाही.

दगडफूल

सदाफुली यांनी छान लिहिलंय. मी राखणीबद्दल सांगतो, कारण आमचा रॉकी राखणीच्याच घरातून आला.

आला तेव्हा पूर्ण वाढलेला होता, चार-एक वर्षांचा. आधीच्या घरी साखळीला बांधलेला असायचा. बांधून ठेवला की कुत्रा तिखट होतो असं त्या लोकांचं म्हणणं. मोठा झालेला शेफर्ड दुसऱ्या घरात रुळत नाही असं मलाही सगळ्यांनी सांगितलं होतं. सुरुवातीला तो भिंतीला पाठ लावूनच झोपायचा, चेंडू टाकला तर चेंडूकडे न बघता माझ्या हाताकडे बघायचा. आम्ही त्याला काहीही करायला लावलं नाही. जेवण वेळेवर, फिरणं ठरलेल्या वाटेने, आणि तो स्वतः जवळ येईपर्यंत कुणी हात लावायचा नाही. एके दिवशी मी जमिनीवर बसून वाचत होतो तेव्हा त्याने येऊन माझ्या गुडघ्यावर हनुवटी टेकली. रुळायला वेळ लागला, पण असा रुळला की आता मी दाराबाहेर गेलो तर परत येईपर्यंत दारापासून हलत नाही.

मुद्दा असा की नवऱ्याला राखण हवी असेल तर कुत्रा घरात, माणसांत झोपला पाहिजे. जो आपल्यात राहतो त्यालाच आपलं कोण, रोजचं कोण आणि वेगळं कोण हे कळतं. साखळीवरचा रॉकी कुणावरही भुंकायचा. आता नेहमीच्या माणसांसाठी मान वर करून बघतो आणि पुन्हा खाली ठेवतो. अनोळखी पाऊल असेल तर दोनदा खोल आवाजात भुंकून माझ्याकडे बघतो. मला एवढी राखण पुरते. चावणारा कुत्रा हवा असेल तर कृपा करून ही जात घरात आणू नका, शेवटी भोगतो तो कुत्राच.

अजून एक. पळवून दमवायचा नाद करू नका. जितका पळवाल तितका त्याचा दम वाढतो आणि उद्या त्याला त्याहून जास्त लागतं. नाकाला काम द्या. मी जेवणातला कोरडा भाग गवतात विखरून टाकतो, किंवा माझा हातमोजा घरात लपवून त्याला शोधायला लावतो. थोडा वेळ हुंगून झालं की तो आपणहून पसरतो. आठवड्यातून एकदा कुणीतरी बागेत माग काढत जायचं आणि मग त्याला त्या मागावर सोडायचं. त्या वेळी त्याचा चेहरा बघण्यासारखा असतो!

पाऊलवाट

दोघांचेही मनापासून आभार. नवऱ्याला वाचून दाखवलं. साखळीचा भाग ऐकून तो बराच वेळ गप्प होता.

काल एका ब्रीडरकडे जाऊन आलो. पिल्लं फार गोड. बापाची पाठ मात्र मागे एकदम उतरती आणि चालताना मागचे पाय डुलत होते. 'हीच खरी ठेवण' असं त्यांनी सांगितलं, स्पर्धांची प्रमाणपत्रंही दाखवली. आईला भेटू का विचारलं तर ती थकलीय, आत आहे म्हणाले. खुब्याच्या एक्स-रेचं विचारलं तर म्हणे पिल्लं ठणठणीत आहेत, गरज नाही. तुम्ही काय केलं असतं?

आणि सासूबाईंचा प्रश्न राहिलाच आहे.

निशिगंध

मी तिथून पिल्लू घेतलं नसतं. कारण सांगतो.

शेफर्ड म्हणजे लोखंडाचा कुत्रा, काहीही पचवेल आणि कितीही राबेल, असं मला वाटायचं. आमचा सम्राट म्हातारा होऊन गेला आणि त्याच्यानंतर अजून दोन शेफर्ड आले. तिघांना जवळून बघितल्यावर आता म्हणतो की मन आणि पोट या दोन्ही बाबतींत हा नाजूक कुत्रा आहे, आणि मागचं अंग ही त्याची कायमची काळजी.

एक्स-रे काढायचा तो आई-बापांचा. तोही वर्षाचं वय उलटल्यावर, खुबे आणि कोपर दोन्हींचा. खुब्याचा सांधा सैल असणं हा दोष बऱ्याच अंशी वंशातून येतो आणि दोन महिन्यांच्या पिल्लाच्या चालण्यावरून तो कळत नाही. आई-बापांचे सांधे चांगले असले तरी खात्री देता येत नाही, पण धोका नक्की कमी होतो. स्पर्धेची प्रमाणपत्रं एक्स-रेची जागा घेऊ शकत नाहीत. आणि आईला न भेटता तर नाहीच. आई बुजरी किंवा भेदरलेली असेल तर तो स्वभाव पिल्लांत वंशानेही येतो आणि पहिले आठवडे तिच्या सहवासातूनही. सदाफुलींनी छत्रीचं लिहिलंय, त्याची सुरुवात कित्येकदा इथे असते.

पिल्लू वाढताना त्याला सडपातळ ठेवा. फासळ्या हाताला सहज लागल्या पाहिजेत. मोठ्या जातीच्या पिल्लांसाठी बनवलेलं अन्न देत असाल तर वरून कॅल्शियमच्या गोळ्या किंवा पावडर घालू नका. वाढत्या हाडांना जास्तीचं कॅल्शियम बाधतं. गुळगुळीत फरशीवर सतरंजी टाका. नसबंदी करायची असेल तर वर्षाच्या आत घाई करू नका, लवकर केलेल्या शेफर्डमध्ये सांध्यांचे त्रास जास्त दिसलेत. वेळ कोणती हे व्हेटशी बोलून ठरवा.

पोटाबद्दल दोन गोष्टी लक्षात ठेवा. भरपूर खाऊनही कुत्रा खंगत चालला आणि शी फिकट, ढीगभर, तेलकट होत असेल तर स्वादुपिंडाची पाचकरसं कमी पडत असण्याची शक्यता असते. हा आजार या जातीत बराच आढळतो. रक्ततपासणीत कळतो आणि जेवणात एन्झाइमची पावडर मिसळून बहुतेक कुत्रे सुधारतात. आमच्या दुसऱ्या कुत्रीला तो आहे आणि ती मजेत आहे. दुसरी गोष्ट तातडीची. पोट फुगलंय, कुत्रा ओकायचा प्रयत्न करतोय पण काही पडत नाही, अस्वस्थ होऊन फेऱ्या मारतोय, असं दिसलं की सकाळपर्यंत थांबायचं नाही. जठराला पीळ पडतो आणि काही तासांत जीव जातो. त्याच क्षणी दवाखाना गाठायचा.

सम्राटचं सांगतो. नऊ वर्षं उलटल्यावर त्याच्या मागच्या पंज्यांची नखं फरशीवर घासल्याचा आवाज यायला लागला. आम्हाला वाटलं, वय झालं. मधल्या दोन बोटांची नखं वरच्या बाजूने झिजली होती, पाऊल उलटं पडलं तरी त्याला कळत नव्हतं. मज्जारज्जूचा आजार होता, हळूहळू मागचं अंग जातं. दुखत नाही, एवढंच त्यातलं बरं. त्याची जनुकीय चाचणी आता मिळते, तीही आई-बापांची झालीय का विचारा. दोन्ही बाजूंनी सदोष जनुक आलेल्या प्रत्येक कुत्र्याला आजार होतोच असं नाही, पण विचारण्याने ब्रीडर कसा आहे ते कळतं.

शेवटचे महिने पोटाखालून पट्टा घालून आम्ही त्याला अंगणात न्यायचो. त्या अवस्थेतही मी पायऱ्या उतरत असलो की तो माझ्या पावलांकडे बघत असायचा, मी नीट उतरतोय ना. या कुत्र्याच्या धाडसाचं लोक कौतुक करतात, मला त्याची ही काळजी जास्त मोठी वाटते.

सदाफुली

निशिगंध, सम्राटचं वाचून रेवाला जवळ घेतलं.

पाऊलवाट, सासूबाईंची धास्ती अगदी रास्त आहे, ती उडवून लावू नका. नर तीस ते चाळीस किलोचा होतो, मादी साधारण बावीस ते बत्तीस. वाढत्या वयात त्यांना आपल्या शेपटीचासुद्धा अंदाज नसतो. पहिली दीड-दोन वर्षं पिल्लू आणि सासूबाई यांच्यात लहान मुलांसाठी लावतात तसं दाराला फाटक हवंच. काठी हलते, म्हणजे पिल्लाला ती पकडायची असणार. काठी दिसली की खाली बसायचं आणि खाऊ मिळवायचा, हे पहिल्या आठवड्यापासून शिकवा. मुलीलाही धावत आरडाओरडा करताना पिल्लू टाचा धरेल, तेव्हा झाडासारखं स्तब्ध उभं राहायला शिकवा. मुलगी आणि कुत्रा एकत्र असताना मोठं माणूस त्या खोलीत असलंच पाहिजे, कुत्रा कितीही गुणी असो.

पण एक गोष्ट सासूबाईंना जरूर सांगा. पहिल्या महायुद्धात दृष्टी गेलेल्या सैनिकांसाठी जर्मनीत १९१६ मध्ये ओल्डेनबुर्गला मार्गदर्शक कुत्र्यांची शाळा निघाली, तिथे शेफर्डच तयार केले गेले. अमेरिकेत १९२८ पासून एका अंध तरुणाला रहदारीतून नेणारी बडी हीसुद्धा शेफर्ड मादी होती. माणसाच्या चालीशी चाल जुळवणं या जातीला जमतं. माझी आई गुडघ्याच्या शस्त्रक्रियेनंतर वॉकर घेऊन चालायची तेव्हा रेवा तिच्या अर्धं पाऊल मागे राहायची, हे आम्ही तिला शिकवलेलं नव्हतं. अर्थात तेव्हा ती मोठी आणि शांत झालेली होती. पिल्लाकडून ही अपेक्षा ठेवता येणार नाही.

म्हणूनच तुमच्या घरासाठी दगडफूल यांच्या रॉकीसारखा, वाढ पूर्ण झालेला, स्वभाव कळलेला कुत्रा जास्त बरा पडेल असं मला मनापासून वाटतं. सासूबाईंना बरोबर नेऊन भेटवा. काठी टेकत त्या चालल्या की तो काय करतो ते तिथेच दिसेल.

पाऊलवाट

हे कधी सुचलंच नव्हतं. घरात बोललो, सासूबाई भेटायला यायला तयार आहेत, अट एवढीच की त्या खुर्चीवर बसतील आणि कुत्र्याने आपणहून यायचं. त्या ब्रीडरला नको म्हणून कळवलं.

एक शेवटचं विचारते. आम्ही दोघंही नोकरी करतो, सासूबाई घरी असतात पण त्या त्याला फिरवू शकणार नाहीत. दिवसाचे सात-आठ तास चालतील का?

दगडफूल

माणूस घरात आहे हे फार मोठं आहे, एकटेपणाने हा कुत्रा खचतो. वाढलेल्या कुत्र्याला चालेल, पण सकाळी निघण्याआधी फिरणं आणि नाकाचं काम दोन्ही झालं पाहिजे, आणि दुपारी कुणीतरी येऊन त्याला बाहेर न्यायला हवं. तशी सोय आधी करा, मग कुत्रा बघायला जा. आणि पहिला आठवडा दोघांपैकी एकाने रजा काढा. रॉकीच्या वेळी मी काढली होती. रोज थोड्या थोड्या वेळासाठी दाराबाहेर जाऊन परत यायचो, म्हणजे गेलेला माणूस परत येतो हे त्याला पटत गेलं.